टँकरच्या आडोशाला

“तुमच्या रडारवरचं चित्र आमच्या कार्यालयातही दिसलं पाहिजे,” लोखंडे म्हणाले, आणि द्वारकाक्कांनी हातातला कप बशीत असा आदळला की चहा टेबलभर झाला.

“कशाला ओ? आमच्या पोरांच्या जाळ्यात वरनं डोकवायला?”

“जाळं कायद्यातलं असेल तर घाबरायचं काय त्यात?”

“मग तसं सरळ बोला ना. देशाची सुरक्षा नि अमकं नि तमकं मधी कशाला आणता?”

मी फडक्यासाठी शिपायाला हाक मारली आणि मनात म्हटलं, झालं, आजची बैठकही गेली खड्ड्यात.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. नौदलातून निवृत्त होऊन मी कुडवणे बंदरावर सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो होतो. बंदर खाजगी कंपनीचं. गॅसचे टँकर यायचे, बाहेर नांगर टाकून आपली पाळी येईपर्यंत थांबायचे, मग धक्क्याला लागून रिकामे व्हायचे. मी मूळचा कराडकडचा. आमच्याकडे पाणी म्हणजे कृष्णामाई, नाहीतर विहीर. पण जन्माची भाकरी मला समुद्रानं घातली. नोकरीवर घेताना मॅनेजर म्हणाले होते, “मोहिते, भिंत आहे, कॅमेरे आहेत, पहारेकरी आहेत. फक्त समुद्राच्या बाजूला कुंपण घालता येत नाही, तेवढं तुम्ही बघा.” तेवढं म्हणजे केवढं, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत!

दर महिन्याला आमच्याकडे सागरी सुरक्षेची बैठक व्हायची. आमच्याकडेच का, तर आमच्याकडे एसी होता आणि भजी गरम मिळायची. तटरक्षक दलाकडून डेप्युटी कमांडंट राठी यायचे. जळगावचा मारवाडी माणूस, कडक इस्त्रीचा, पण मराठी आपल्यासारखं फाडफाड बोलायचा. मत्स्य खात्याकडून परवाना अधिकारी लोखंडे. आणि कुडवण्याच्या मच्छीमार सोसायटीच्या चेअरमन द्वारकाबाई जाक्कर, म्हणजे सगळ्या बंदराच्या द्वारकाक्का. स्वतःची बोट असलेली, केसात अबोलीचा वळेसर माळून येणारी, आणि एका हाकेत अख्खी जेटी उभी करणारी बाई. तिला चेअरमन कुणी केलं नव्हतं. ती झाली होती आणि मग बाकीच्यांनी हात वर केले होते.

आता अशा बैठकांचं नाटक तुम्हाला सांगतो. सरकारकडून पत्र यायचं, त्यावर ‘गोपनीय’ असा जांभळा शिक्का, आणि आत एकच ओळ: सर्व संबंधितांनी सतर्क राहावे. कशापासून, ते नाही! मी राठींना म्हणायचो, “सर, चोर कसा दिसतो ते सांगितल्याशिवाय आम्ही पकडायचा कुणाला?” ते म्हणायचे, “मोहिते, मलाच वरून तेवढंच सांगतात.” आमची कंपनीही काही कमी नव्हती. टँकरजवळ एखादी होडी घुटमळली तरी आमचे साहेब लोक म्हणायचे, उगाच कळवू नका, बंदराचं नाव खराब होतं. प्रत्येकाच्या मुठीत काहीतरी, आणि सगळ्यांच्या मुठी झाकलेल्या.

म्हणून मी पहिल्याच वर्षी सरळ अक्कांच्या पडवीत जाऊन बसलो होतो. म्हटलं, अक्का, दर्यावर परकं काही दिसलं, एखादी अनोळखी बोट, काही तरंगताना, तर तुमच्या पोरांनी वायरलेसवर मला सांगायचं. त्या बदल्यात मी शब्द देतो, तुमच्या जाळ्यांशी मला काही कर्तव्य नाही. माझ्या रडारवर जे दिसेल ते मत्स्य खात्याकडे जाणार नाही.

अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं होतं. “घाटी माणसाचा शब्द,” त्या म्हणाल्या होत्या, “बघू किती टिकतो तो.” टिकला. आणि त्या शब्दावर सगळा किनारा माझ्याशी बोलायला लागला. कुठं एखादं गलबत रेंगाळतंय, कुठं कंटेनर वाहून आलाय, सगळं मला राठींच्या आधी कळायचं.

लोखंड्यांना हेच खुपायचं, आणि त्यांचंही चूक नव्हतं. डिसेंबर संपला की पर्ससीन जाळ्याला बंदी. हे जाळं म्हणजे माशांच्या अख्ख्या थव्याभोवती फिरवायचं आणि बटव्याची नाडी ओढावी तसं खालून आवळायचं. पिल्लं-बिल्लं सगळं वर. मग लहान होडीवाल्यांनी खायचं काय? ते लोखंड्यांच्या दारात येऊन बसायचे. लोखंडे आपली गस्तीची बोट घेऊन निघायचे, आणि ते पोचेपर्यंत समुद्र साफ! एकदा तर पोरांनी त्यांच्यावर मासळीच्या बर्फाचे तुकडे मारले होते. भुवईवरची खूण ते लपवायचे नाहीत, उलट दाखवायचे.

तर त्या दिवशी जानेवारीतली स्वच्छ सकाळ होती. राठींनी टेबलावर बोटं वाजवली.

“जाळ्याचं नंतर भांडा. आज मी शिक्का बाजूला ठेवून बोलतोय. शेजारच्या राज्यातली एक मासेमारी बोट खलाशांसकट बेपत्ता आहे. ती चुकीच्या हातात गेली असावी असा वरच्यांना संशय आहे. नाव-नंबर झाकलेली, ठावठिकाणा सांगणारा ट्रान्सपाँडर बंद ठेवलेली कुठलीही बोट दिसली तर पहिला फोन मला. आणि माझ्या डोक्याला सगळ्यात जास्त घोर आहे तो त्याचा.” त्यांनी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. बाहेर नांगरावर गॅसनं भरलेला टँकर उभा होता. “माझी एक वेगवान बोट सकाळपासून त्याच्या आसपास ठेवलीय. तोफ चढवून.”

अक्का पानाला चुना लावत होत्या. त्यांचं बोट पानावरच थांबलं. मला वाटलं, बाई आज पहिल्यांदा नीट ऐकतेय.

तेवढ्यात शेजारच्या नियंत्रण कक्षाचं दार उघडून आमचा ऑपरेटर आत आला. “साहेब, टँकरचा कॅप्टन ओरडतोय. एक बोट सरळ त्याच्यावर चालून येतेय म्हणतो.”

आम्ही सगळेच उठलो. नियंत्रण कक्ष म्हणजे एक लांबट खोली, समोर काच, काचेपलीकडे समुद्र, आणि खाली रडारचे पडदे नि वायरलेसचे संच. मी दुर्बीण डोळ्याला लावली. एक मोठी लाकडी बोट, फेस उडवत, टँकरच्या दिशेनं निघालेली. तिच्या मागे बऱ्याच अंतरावर राठींची पांढरी बोट.

“नाव दिसतंय?” राठींनी विचारलं.

“नाही सर. केबिनवर गोणपाट टाकलंय. पुढचा नंबरही ताडपत्रीनं झाकलाय.”

“ट्रान्सपाँडर?”

“बंद.”

राठींचा चेहरा बदलला. मी नौदलात हा चेहरा पाहिलेला होता. माणूस हिशेबाच्या पलीकडे गेला की तो असा दिसतो. त्यांनी आपला संच उचलून आपल्या बोटीवरच्या अधिकाऱ्याला विचारलं, थांबायचा इशारा दिलात का? उत्तर आलं, दिला सर, भोंगा दिला, वायरलेसवर हाका मारल्या, उलट त्यांनी वेग वाढवला.

“पुढ्यात इशाऱ्याच्या गोळ्या मारा,” असं राठी म्हणतील म्हणून मी वाट पाहत होतो. तो नियमच आहे. पण त्यांनी मान हलवली. “पुढ्यात टँकर आहे, मोहिते. चुकून एक गोळी त्याला लागली तर आपण इथे उभे असणार नाही.”

“मग?”

“मग इशारा नाही.” त्यांनी संच तोंडाशी नेला. “बाजूला या. बोट पिवळ्या बोयाच्या आत शिरली की इंजिनावर मारा. इंजिन केबिनखाली आहे, वर माणसं असतात, माहीत आहे मला. तरीही.”

पिवळा बोया म्हणजे टँकरभोवतीच्या सुरक्षित पट्ट्याची तरंगती खूण. त्याच्या आत आमच्या परवानगीशिवाय कुणीही यायचं नाही, अगदी सरकारी बोटीनंही नाही. बोट त्या बोयाकडे सरळ रेषेत निघाली होती.

माझं लक्ष अक्कांकडे गेलं. त्या काचेला चिकटून उभ्या होत्या. त्यांना दुर्बीण लागत नव्हती. बंदरावरची माणसं बोट कशी पाण्यावर बसलीय ते बघून कुणाची ते सांगतात. पानाचा विडा त्यांच्या मुठीत चुरगळला होता आणि चुना बोटांवरून ओघळत होता. ओठ पांढरेफटक.

मी जवळ जाऊन हळूच विचारलं, “अक्का, बोट कुणाची?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी लोखंड्यांकडे पाहिलं.

“अक्का, जाळ्याचं नंतर बघू. बोट कुणाची?”

“नंतर म्हंजे कधी ओ साहेब?” आवाज इतका बारीक की मला ओळखू आला नाही. “माझी हाय. जाखादेवी प्रसाद. रूपेश हाय तिच्यावर. माझा रूपेश नि सगळे खलाशी.”

“तो टँकरवर का चाललाय मग?” राठी ओरडलेच.

“टँकरवर नाय चालला ओ! टँकरच्या आड चाललाय!” आता अक्कांचा बांध फुटला. “त्याला वाटतंय मागं हे हायत.” त्यांनी लोखंड्यांकडे हात केला. “यांची पण यंदा पांढरीच बोट हाय ना! समोरनं फेस उडवत आली की कोण ओळखणार? यांना तुमच्या पिवळ्या बोयाच्या आत यायला मोहिते साहेबांची परवानगी लागते. तेवढ्यात आमची पोरं टँकरला वळसा घालून पलीकडनं पसार होतात. सगळे हेच करतात. पर्ससीन मारायचं नि यांची बोट दिसली की टँकरच्या आडोशाला पळायचं!”

टँकर वाचवायला आम्ही जो पट्टा आखला होता तो या पठ्ठ्यांनी लपायला वापरला होता, आणि आज नेमकं त्याच पट्ट्यावर मरण उभं होतं. मला हसावं की रडावं कळेना. राठींनी मात्र वेळ घालवला नाही.

“मला कसं कळणार तुम्ही खरं बोलताय? आई आहात तुम्ही. काहीही बोलाल.”

“त्याला सांगते ना थांबायला!”

“वायरलेस बंद आहे त्याचा.”

“तुमच्यासाठी बंद.” अक्का संचाशी गेल्या आणि मग त्यांचा हात थबकला. मला पुढचं लगेच उमगलं. त्या पोरांचा आपला एक वेगळा चॅनल होता. खात्याची बोट निघाली की किनाऱ्यावरून कुणीतरी त्यावर खबर द्यायचं. सगळ्या गावाच्या बोटी त्यावर जिवंत होत्या. तो चॅनल म्हणजे अख्ख्या कुडवण्याची चोरवाट, आणि ती या बाईला आता लोखंड्यांच्या डोळ्यांदेखत उघडायची होती.

“लोखंडे साहेब,” त्या म्हणाल्या, “पाया पडते, तुम्ही तिकडं तोंड करा.”

लोखंडे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शाळेत शिक्षा झाल्यासारखे. सरकारी अधिकारी, भुवईवर बर्फाची खूण असलेला माणूस!

अक्कांनी बटण फिरवलं. “रूपेश, ए रूपेश, आये बोलतेय. इंजिन बंद कर. थांब जाग्यावर.”

खरखर. मग एका तरुण पोराचा आवाज, धाप लागलेला. “आये? मावशी पाठी लागलीय गो! टँकरच्या पलीकडं गेलो की बोलतो.”

“मावशी?” राठींनी माझ्याकडे पाहिलं.

भिंतीकडे तोंड केलेले लोखंडे म्हणाले, “मी. मला मावशी म्हणतात. माहीत आहे मला.”

“रूपेश, मावशी नाय ती! थांब बोलते ना!”

पलीकडे पोराचा आवाज एकदम बदलला, सावध झाला. “आये, तुला बोलायला कोण लावतंय? तूच बोलली होतीस ना, चॅनलवर कोण थांब बोलला तर थांबायचं नाय, भले माझा आवाज असू दे? कोण हाय तुझ्या पाठीमागं?”

अक्कांनी माईक असा धरला होता जसा काही तो निसटून जाणार होता. नियम त्यांचाच होता. कधीकाळी कुणा खलाशाला पकडून त्याच्याच तोंडून खात्यानं बाकीच्यांना थांबवलं होतं, तेव्हा त्यांनी बोटी हाकणाऱ्या सगळ्या तांडेलांना शपथ घातली होती. स्वतःच्या हातानं बांधलेली गाठ आता सोडवायची कशी?

“बोया जवळ आला,” ऑपरेटर म्हणाला.

“रूपेश, बाबा, ऐक रे माझं…”

“नाय आये. तुला धमकावलंय त्यांनी. घाबरू नको, मी निसटतो बघ.”

मग लोखंडे भिंतीपासून वळले. त्यांनी अक्कांच्या हातून माईक घेतला. ओढून नाही, हळूच. आणि जे बोलले ते मी जन्मात विसरणार नाही.

“रूपेश जाक्कर, मी परवाना अधिकारी लोखंडे बोलतोय. तुझी मावशी. माझी बोट जेटीला बांधलेली आहे. तिचं इंजिन खोलून ठेवलंय, सुटा भाग मुंबईहून यायचाय, महिनाभर ती हलणार नाही. हे आत्तापर्यंत फक्त मला आणि माझ्या ड्रायव्हरला माहीत होतं. आता तुम्हा सगळ्यांना माहीत झालं. कुडवण्याच्या सगळ्या बोटी ऐकताय ना? ऐका. पण रूपेश, तुझ्या मागे मी नाही, कोस्टगार्ड आहे. तू थांब.”

म्हणजे काय केलं बघा त्या माणसानं! भर हंगामात, सगळ्या चोरट्या बोटींना स्वतःच्या तोंडानं सांगितलं की महिनाभर रान मोकळं आहे. त्या एका गोष्टीवर त्याची नोकरी गेली असती.

“बोया ओलांडला!” ऑपरेटर ओरडला.

संचावरून राठींच्या अधिकाऱ्याचा आवाज आला, “टार्गेट आत आहे सर. परवानगी?”

राठींनी डोळे मिटले. “होल्ड.”

“सर, टँकर अगदी…”

“होल्ड म्हटलं ना! माझ्या जबाबदारीवर.”

वायरलेसवर नुसती खरखर. अक्का पुटपुटत होत्या, देवीचं नाव घेत होत्या की पोराचं, कळत नव्हतं. मग पोराचा आवाज आला, गोंधळलेला, थोडा ओशाळलेला.

“कोस्टगार्ड? मग आधी बोलायचं ना. बंद करतो.”

काचेतून दिसलं, बोटीचा फेस खाली बसला. टँकरच्या काळ्या भिंतीसमोर ती लाकडी बोट चिमुकली दिसत होती. खलाशी हात वर करून उभे राहिले. राठींनी तोंडावरून रुमाल फिरवला आणि संच खाली ठेवला. अक्का मटकन खाली बसल्या, फरशीवरच, आणि मोठ्यानं रडल्या. मीही रडलो असतो, पण ऑपरेटर बघत होता.

कुणीतरी पाणी आणलं. घोटभर पिऊन अक्कांनी पदरानं तोंड पुसलं, आणि मग त्या बाईनं पुन्हा चेअरमनचा आवाज लावला.

“लोखंडे साहेब, लिहा. बोटीचं नाव, नंबर, जाळं, सगळं लिहा. काही लपवत नाय.”

“लिहावं लागेल, अक्का. बोटीत पर्ससीन आहे, कोस्टगार्ड बघणारच. परवाना जाईल.”

“जाऊ दे. पण माझी एक मागणी हाय. तिघांकडे पण.” त्यांनी आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहिलं. “गोळी घालायचा हुकूम झाला होता, हे रूपेशला कळता नये. कुणालाच कळता नये. गावात एकाला कळलं की त्याला कळलं.”

“अहो, पण त्याला कळलं पाहिजे!” मी म्हणालो. “त्याशिवाय अक्कल कशी येणार? आणि गाव तुम्हाला काय म्हणेल? चॅनल तुम्ही फोडलात, लोखंड्यांच्या शेजारी उभं राहून पोराला पकडून दिलंत. सगळ्या बोटींनी ऐकलंय. कारण सांगितलं नाही तर तुम्हाला जगू देणार नाहीत ते.”

“साहेब, तुम्ही आमच्या ह्यांना बघितलंय ना?”

बघितलं होतं. अक्कांचा नवरा घराच्या मागच्या पडवीत, समुद्राकडे पाठ करून बसलेला असायचा. मला वाटायचं, म्हातारा आजारी असेल.

“दर्याचे राजे होते. एका तुफानात बोट उलटली, एक रात्र फळकुटाला धरून होते. वाचले. पण त्या दिवसापासनं पाण्याला पाय लावला नाय त्यांनी. पोरं लहान, मग मी उभी राहिले बोटीवर. माणूस भ्याला ना साहेब, की जगतो, पण नुसता जगतो. रूपेशला कळलं की मरण एवढं जवळनं गेलं, तर तो पण तिथंच जाऊन बसेल, बापाच्या बाजूला. माझ्यावर चिडला तर चिडू दे. चिडलेला माणूस दर्यावर जातो.”

लोखंड्यांनी मान डोलावली. राठींनी टोपी डोक्यावर घातली. “माझा अहवाल तसाही गोपनीय असतो,” ते म्हणाले, “आज पहिल्यांदा त्या शिक्क्याचा उपयोग झाला.” ऑपरेटरलाही मी तोंड बंद ठेवायला बजावलं.

पुढचं सगळं अगदी मी म्हटलं तसं झालं. बोटीवर केस झाली, परवाना निलंबित झाला. गावानं चॅनल बदलला. सोसायटीची सभा भरली आणि अक्कांना खाली उतरवलं. त्या सभेत लोक काय काय बोलले ते माझ्या कानावर आलं, सांगण्यासारखं नाही. मासळी बाजारात बायका त्यांच्या शेजारी पाटी लावत नव्हत्या. “आपल्या पोटच्याला मावशीच्या मांडीवर दिलान,” हे त्यांना ऐकवून ऐकवून म्हणायचे. त्यांनी एकदाही तोंड उघडलं नाही. ज्या बाईच्या एका शब्दानं हे सगळं थांबलं असतं, तिनं तो शब्द गिळला तो गिळलाच. बैठकीला सोसायटीतर्फे दुसरा माणूस यायला लागला. लोखंड्यांची बोट खरोखरच महिनाभर बांधून होती. त्या महिन्यात कुणी कुणी काय काय मारलं देव जाणे, पण टँकरच्या आडोशाला पुन्हा कुणी गेलं नाही. पिवळ्या बोयाच्या आत कोस्टगार्ड फिरतं, कागद बघतं, एवढं मात्र मी आणि राठींनी गावभर करून टाकलं.

नोकरी सोडून मी कराडला परत निघालो तेव्हा निरोप घ्यायला अक्कांच्या घरी गेलो होतो. मधल्या काळात रूपेश दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल म्हणून राबला होता, मग परवाना सुटला आणि जाखादेवी पुन्हा पाण्यात उतरली. आता तो गावातला नावाजलेला तांडेल होता, अंगानं भरलेला, हसतमुख. पडवीत माझ्यासाठी खुर्ची टाकली, सुरमई कागदात बांधून दिली. अक्का एका बाजूला सूप घेऊन सुकट निवडत बसल्या होत्या.

“साहेब, तुम्ही होता ना त्या दिवशी तिथं?” रूपेश म्हणाला. “आता चाललाच हाय तर एकदा खरं सांगून जा. आमच्या आयेचा धीर सुटला नि तिनं चॅनल फोडला. तीन हंगाम मी लोकाच्या बोटीवर काढले. ही खुर्चीवरनं उतरली ती उतरली. मी बोयाच्या आत घुसलोच होतो, टँकरला वळसा मारला असता, तर कोण काय करणार होतं?”

तो चिडून बोलत नव्हता. जुनी जखम, खपली धरलेली. तरी ती त्यानं आईसमोर उकरली होती आणि त्याला त्याची सवय झाली होती, हे कळत होतं. शब्द माझ्या जिभेवर आला. बाबा, तू आत घुसलास तेव्हा वर एक माणूस डोळे मिटून ‘होल्ड’ म्हणत होता. अक्कांचे हात सुपात चालत राहिले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“काही नाही,” मी म्हणालो. “कागद बघितले असते, आणि सोडलं असतं.”

“ऐकलंस आये?”

“ऐकलं. चुकलं बाबा माझं,” अक्का म्हणाल्या. “जा आता, भरती लागली.”

तो हसत उठला, मला नमस्कार केला, आणि बोटीवर गेला.